बाहेर नसलेलं घर

३ फेब्रुवारी

ठमे,

पत्राच्या सुरुवातीला ‘विनंती विशेष’ लिहायची पद्धत आहे. विनंती माझ्या स्वभावात बसत नाही, तेव्हा विशेष तेवढं सांगते. मालिका संपतेय.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर एकच खूण उमटते, दुसरी उमटतच नाही, म्हणजे मला कुलूप लावलंयस. म्हणून कागद. पत्ता तुझ्या बाबाकडून काढला. तो बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन तुझ्याशी बोलतो आणि आत आला की सांगतो, जरा हवा खाऊन आलो. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस! खोटं बोलताना कान लाल होतात त्याचे. माझ्या युनिटमध्ये नट म्हणून आला असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.

तर मुद्दा असा. शेवटच्या भागात मुलगी घरी परत यायला हवी, असं चॅनेलच्या बाईंचं म्हणणं आहे. मुलगी म्हणजे आपली छोटी, मालिकेत जी माझी लेक होते ती. तू घर सोडून गेलीस त्याच महिन्यात मी तिलाही मालिकेतल्या घरातून पाठवलं होतं. खरं सांगते, रागाने पाठवलं. एक लेक गेली तर दुसरीही जा म्हटलं. आता लोक दोन वर्षं विचारतायत, ती कधी येणार? भाजीवालासुद्धा विचारतो. वजन करता करता विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत पिशवी देत नाही.

आणि मला तो प्रसंग लिहिता येत नाहीये. मला! मी सासऱ्याला शहाणा केला, चोराला पाझर फोडला, मेलेल्या काकाला जिवंत करून परत मारला. पण मुलगी दारात उभी आहे, आई दार उघडते, आणि पुढे कागद कोरा. मुलगी काय म्हणेल तेच सुचत नाही. तिचं शेवटचं गाजलेलं वाक्य मी लिहिलेलंच नव्हतं ना. ते तुझं होतं.

मला सगळं आठवतं, उगाच समजू नकोस की विसरले. लग्न मोडून तू संध्याकाळी आलीस, हातात बॅग. म्हणालीस, ‘मला काही विचारू नकोस. फक्त जेवायला वाढ.’ महिन्याभरात छोटीने तेच वाक्य मालिकेत म्हटलं आणि लोक वेडे झाले. कपांवर छापलं, रिक्षांच्या मागे रंगवलं. तुझ्या दवाखान्यात तर एका पेशंटने दाढ काढून झाल्यावर, तोंडात कापूस असताना, तुलाच ते म्हणून दाखवलं आणि स्वतःच हसला. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नवा दवाखाना टाकलास. जगाला तोंड उघडायला लावायचा धंदा करतेस, आणि आईशी तोंड उघडत नाहीस.

मी चोरी केली असं तुझं म्हणणं. मी म्हणते, लिहिणाऱ्याने घरातून नाही उचलायचं तर काय शेजाऱ्यांकडे सुरी घेऊन जायचं? यावर आपलं एकमत होणार नाही. होऊ नये. पण एवढं सांग, ती परत आली तर काय म्हणेल? महिनाअखेरीला शूटिंग आहे. तोवर मी काही दिलं नाही, तर चॅनेल तो प्रसंग दुसऱ्याकडून लिहून घेणार. आणि माझ्या लेकीच्या तोंडी परक्याचं वाक्य मी जाऊ देणार नाही.

कोणत्या लेकीच्या, असं विचारशील. दोघींच्या.

आई

११ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी मेकअपच्या खुर्चीत बसून कुठल्या कुठल्या माणसांची वाट पाहिलीय, तू तर माझीच आहेस.

चॅनेलने गहिवररावांना कामाला लावलं. हे आमचे दुसरे लेखक. खरं नाव काय ते त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल, सगळे गहिवररावच म्हणतात. त्यांचा मसुदा आला. मुलगी ‘आई!’ म्हणते, आई ‘बाळा!’ म्हणते, बॅग हातातून गळून पडते, वारा सुटतो. बंद घरात वारा सुटतो! मी चॅनेलच्या बाईंना फोन केला. म्हटलं, हे मी बोलणार नाही, दिग्दर्शक म्हणून करून घेणार नाही आणि वाचायलाही परत लावू नका. त्या म्हणाल्या, ‘मग तुम्ही द्या ना लिहून. तुम्ही तर लेखक, दिग्दर्शक, नटी, तिन्ही आहात.’ बाई गोड बोलतात, पण सुई बरोबर टोचतात.

तिन्ही आहे खरी. आणि कुणाच्या मेहेरबानीने झालेली नाही. तुला लहानपणी सांगायचे ते आठवतं? माझं पहिलं काम म्हणजे ट्रे घेऊन आत यायचं आणि ‘साहेब, चहा’ म्हणायचं. दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर आरशासमोर ट्रे धरून उभी राहायचे आणि तू पाळण्यातून टाळ्या वाजवायचीस. मग बहीण झाले, मग वहिनी झाले, आणि तिशी ओलांडायच्या आत मला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान नटाची आई केलं. तो मला सेटवर ‘आई’ म्हणायचा आणि बाहेर सिगारेट मागायचा. रडले नाही मी. म्हटलं, आई तर आई, पण अशी आई करीन की बाकीच्यांना घरी जाऊन आपल्या आईला फोन करावासा वाटेल.

लिहायला लागले ती रागाने. संवाद यायचे सकाळी, झेरॉक्सचा वास सुटलेले, आणि त्यात आई कायम एकच बोलायची, ‘देवा, माझ्या मुलांना सुखी ठेव.’ एके दिवशी पेन्सिल घेऊन कागदावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘आधी पाय पुसून या.’ लेखक माझ्यावर जाम भडकला, आणि महिन्याभरात नोकरी सोडून गेला. राहिलेले भाग कोण लिहिणार? ही बाई. मग एकदा दिग्दर्शक ऐन शूटिंगच्या दिवशी आजारी पडला. खुर्चीत कोण बसणार? हीच बाई. लोक म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. म्हणू देत. तिखटाशिवाय जेवण कोणाला आवडतं?

हे सगळं मी मिरवायला लिहीत नाहीये. थोडं मिरवायला लिहितेय. पण मुख्य म्हणजे एवढं सगळं जमलं त्या बाईला एक दार उघडल्यानंतरचा प्रसंग जमू नये, हे मला सहन होत नाही.

दारावरून आठवलं. तुला ठाऊकच आहे, आपल्या मालिकेतल्या घराला बाहेर नाही. दिवाणखाना आहे, स्वयंपाकघर आहे, देखणं दार आहे, आणि दाराच्या पलीकडे हातभर जागा सोडून प्लायवूडची भिंत. तिच्यावर रंगवलेलं झाड, खाली वायरींचं भेंडोळं आणि कुणीतरी ठेवून दिलेले चहाचे कप. बेल वाजवणारा नट तिथे पोट आत ओढून उभा असतो. आमच्या मालिकेतले जाडे मामा तर एकदा अडकलेच, दार उघडलं तरी आत येईनात. तू शाळेत असताना सेटवर आली होतीस, तेव्हा ते दार उघडून बघितलंस आणि मला म्हणालीस, ‘आई, तुमच्या घराला बाहेरच नाही!’ सगळं युनिट हसलं होतं. मीपण.

लिही गं. दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील, त्यातून काहीतरी वापरता येईल.

आई

(वापरता येईल, हे गमतीत म्हटलं. लगेच डोळे वटारू नकोस.)

१९ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं.

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि मेकअप अर्धाच ठेवून बाथरूममध्ये जाऊन वाचलं. एक भुवई काढलेली, एक नाही. वाचून झाल्यावर तशीच सेटवर गेले आणि तीन माणसांवर विनाकारण ओरडले. मग माफी न मागता सगळ्यांना चहा सांगितला. ते समजले.

तुझा मजकूर मी इथे परत उतरवून काढते, कारण हाताने लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही.

‘आई, वाक्याचं मला काही नाही. आधी राग आला होता, आता नाही. ते वाक्य तुझंच झालं, ठेव. मी त्यासाठी गेले नाही. त्या संध्याकाळी मी बेल वाजवली. तू दार उघडलंस आणि थांबलीस. पॅसेजमधल्या दिव्याकडे जराशी मान वळवलीस. चेहऱ्यावर उजेड घेतलास. मग “काय झालं?” म्हणालीस. मी बॅग हातात धरून तुझा क्लोजअप संपायची वाट बघत उभी होते. म्हणून म्हटलं, काही विचारू नकोस. तरी तू विचारत राहिलीस, आणि जेवायला बाबाने वाढलं. तुझ्या मालिकेतली मुलगी दारातून आत येणार नाही. आली तर बाहेर बसेल. तू आत काय करायचं ते कर.’

आधी तर नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हटलं, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पोटच्या पोरीसाठी दार उघडताना कुठली आई उजेड शोधेल? मी काय बाहुली आहे का? चार पानं भरून तुला उत्तर लिहिलं. बरं झालं पोस्टात टाकलं नाही.

मग दुपारी कॅमेऱ्यावरच्या दादाला गाठलं. हा माणूस माझ्या चेहऱ्याकडे माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त वेळ बघत आलाय. त्याला विचारलं, दादा, खरं सांग, मी कॅमेरा नसतानासुद्धा उजेड घेते का? तो हसायलाच लागला. म्हणाला, ‘ताई, तुम्ही लिफ्टमध्येसुद्धा उजेड घेता. परवा दवाखान्यात बीपी मोजायला आलात माझ्याबरोबर, नर्सने पट्टा बांधला आणि तुम्ही खिडकीकडे वळलात.’ त्याला वाटलं मी गंमत करतेय. माझा चेहरा पाहून त्याचं हसू थांबलं.

घरी येऊन तुझ्या बाबाला विचारलं. त्या संध्याकाळी तो माझ्या मागेच उभा होता. त्याने होकाराची मान हलवली. कान लाल झाले नाहीत. म्हणजे खरं आहे.

ठमे, मला फार वाईट वाटलं. सजवून सांगत नाही. मला वाटत होतं माझं काय चुकलं ते मला पाठ आहे, त्यावर माझी उत्तरंही तयार होती, दोन वर्षं घोटून ठेवलेली. आणि तू भलतंच काढलंस, ज्याला माझ्याकडे एक अक्षर उत्तर नाही. मी तुला दारात उभं केलं आणि तुझ्याऐवजी दिव्याकडे पाहिलं. मला ते आठवतसुद्धा नाही. इतकं ते माझ्या अंगात मुरलंय.

पण रडत बसणं मला जमत नाही, काम करायला जमतं. मुलगी आत येणार नाही म्हणतेस ना? बरं. नाही येणार.

आई

१ मार्च

ठमे,

झालं. आता नीट ऐक, कारण हे तुझ्यामुळे झालंय आणि तुझं नाव श्रेयनामावलीत टाकायचं की नाही ते विचारायचं राहिलंय. यावेळी विचारतेय बघ.

आमच्या सुताराला बोलावलं. म्हटलं, दारामागची भिंत काढ. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याचा पगारच बंद करतेय. ‘भिंत काढून काय दाखवणार? मागे तर गोडाऊन आहे.’ म्हटलं, पायऱ्या कर. घराला असतात तशा. तो म्हणाला, ‘इतकी वर्षं नव्हत्या, आता शेवटच्या दिवशी कशाला?’ म्हटलं, शेवटच्या दिवशी तरी असू देत. दोन दिवसांत त्याने तीन पायऱ्या केल्या, बाजूला कठडा केला आणि कुणाला न विचारता तुळईला एक खिळा ठोकला. कशासाठी तर म्हणे, कुणी छत्री अडकवेल. घर झाल्यावर माणसाला आपोआप सुचतं.

मग चॅनेलच्या बाई आल्या. मसुदा वाचला. मसुदा कसला, अर्धं पान. मुलगी पायरीवर बसलेली आहे, बेल वाजवत नाही. आई दार उघडते, बाहेर जाते, शेजारी बसते. कॅमेरा घरात. दोघींच्या पाठी दिसतात. संवाद नाहीत.

‘चेहरा?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही. ‘अहो, लोक तुमच्या चेहऱ्यासाठी दोन वर्षं थांबलेत!’ म्हटलं, लोक मुलीसाठी थांबलेत. ‘निदान एक क्लोजअप घेऊन ठेवा, वापरू नका हवं तर.’ म्हटलं, बाई, घेऊन ठेवला की तुम्ही तो वापरणार, तुम्हाला मी ओळखते आणि स्वतःलाही ओळखते. त्या रागावल्या. म्हणाल्या, हे चुकलं तर पुढची मालिका मिळेल याची खात्री देता येणार नाही. म्हटलं, खात्रीवर मी आजवर एक दिवससुद्धा काढलेला नाही. आणि मनात म्हटलं, मिळेल. मला नाही द्यायची तर कुणाला देणार, गहिवररावांना?

आता खरी गंमत. पहिला टेक. मी दार उघडलं आणि थांबले. मान वळली. मला कळलंसुद्धा नाही, दादाने कॅमेऱ्यामागून हळूच ‘ताई’ म्हटलं तेव्हा कळलं. दुसरा टेक, तेच. स्वतःच लिहिलेलं, स्वतःच ठरवलेलं, आणि उंबऱ्यावर पोचलं की मान आपली चालली दिव्याकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारखीलाच बघून म्हटलं असणार. छोटी बिचारी पायरीवर पाठमोरी बसून वाट बघत होती. तिच्या पाठीकडे पाहिलं. तूसुद्धा अशीच वाट बघत उभी होतीस.

मग मी दिग्दर्शकाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्या नटीवर, म्हणजे स्वतःवरच, ओरडायचं तेवढं मनातल्या मनात ओरडून घेतलं. लाइटवाल्याला सांगितलं, दारावरचे सगळे दिवे बंद कर. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही दिसणार नाही.’ म्हटलं, तेच हवंय. फक्त बाहेर पायरीवर उजेड ठेव, तिच्यावर.

तिसऱ्या टेकला दार उघडलं तर शोधायला उजेडच नाही. समोर फक्त पोरगी दिसत होती. मी सरळ चालत गेले, आणि काय सांगू, पडलेच! इतक्या वर्षांत त्या दारातून मी एकदाही बाहेर पाऊल टाकलं नव्हतं गं. पायरी कुठे आहे हे पायाला माहीतच नव्हतं. कठडा धरला म्हणून वाचले. सुताराला मनातून आशीर्वाद दिला. छोटी दचकली, तिने हात पुढे केला, तो धरून मी तिच्या शेजारी बसले. तसंच ठेवलंय. ती अडखळणारी आई तशीच दिसेल. दादाने कॅमेरा बंद करायला जरा उशीर केला. मग डोळे पुसत म्हणाला, धूळ फार आहे. सुताराने नुकत्याच झाडलेल्या सेटवर धूळ!

त्या पायरीवर बसल्या बसल्या मला एक कळलं. मी छोटीच्या शेजारी बसून काय करतेय? माझी तर दुसरीकडे बसलीय.

आई

६ मार्च

ठमे,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, तुझ्या दवाखान्यातल्या मुलीच्या हाती पाठवतेय. तिने मला ओळखलं आणि फोटो मागितला. म्हटलं, नंतर. आधी डॉक्टरबाईंना चिठ्ठी दे.

मी खाली आहे. तुझ्या इमारतीच्या पायरीवर बसलेय. वर येणार नाही. बेलही वाजवणार नाही. रात्रभर गाडीत बसून आलेय, गुडघे धरलेत, केसांची दशा आहे. एका पेशंटने जाता जाता विचारलं, ती परत येते का शेवटी? म्हटलं, बघा टीव्हीवर. आत्ता तर आईच तिच्याकडे आलीय.

तुझ्या दुपारच्या सुट्टीला वेळ असेल तर असू दे. मला घाई नाही, आज माझं शूटिंग नाही. यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तर संध्याकाळच्या गाडीने जाईन आणि परत येईन. पायऱ्या कळल्यात आता.

डबा आणलाय. मी स्वतः केलाय, बाबाने नाही. भात जरा मऊ झालाय. मी काही विचारणार नाही, फक्त वाढीन.

आणि हो, ऊन माझ्या पाठीमागे आहे. दारातून बघशील तेव्हा माझा चेहरा काळाच दिसेल. उजेडासाठी जागा बदललेली नाही.

आई